रोहूचा हँडब्रेक

चहा राहू द्या, आधी आमच्या रोहू माशांचं ऐका. मागल्या साली शेततळ्यातल्या माशांना हार्मोनचं इंजेक्शन दिलं, तर एकाबी मादीनं अंडी सोडली न्हाईत. अख्खं लासुर्णं गाव बांधावर येऊन हसून गेलं. यंदा मी दोन औषधं भरायला घेतली, तसे माझे सासरे, आबा, आडवे आले.

"एकानं झालं न्हाय, ते दोनानं हुतंय व्हय? तळं बुजवून ऊस लाव!"

म्हटलं, "आबा, हँडब्रेक वढून ट्रॅक्टर रेस केला तर?"

"नुसता बोंबलंल. जागचा हालायचा न्हाय."

"मग! अंडी सोडायचा हुकूम मेंदूखालची ग्रंथी देती. साठल्या पाण्यात मेंदूच तिचा ब्रेक वढून बसतो. मागल्या साली मी नुसती रेस दिली. यंदाचं दुसरं औषध ब्रेक सोडतंय."

सांजंला मीच इंजेक्शनं दिली.

सकाळी बघते तर तळ्यात माद्यांसाठी बांधलेल्या जाळीत भिजल्या साबुदाण्यागत अंडीच अंडी! अन् आबा बांधावर उभं राहून एकेकाला नाव घेऊन हाका मारत हुते, "या की, आता या हसायला!"

म्हटलं, "आबा, मागल्या साली तुमीबी हसला हुता."

"म्हणून तर सगळ्यांच्या आधी मी आलोय!"