शिन्यीच्या आईला काय कळतंय

—हस, हस. मान हलव नुसती. मिस टॅन शिन्यीला वर्गातून घेऊन येईपर्यंत आपल्या दोघींना असंच बसायचंय. मला चिनी येत नाही, तुला इंग्लिश येत नाही, मग मी आपली मराठीत बोलते – आमच्या लोकांना सवयच आहे ती, लिफ्टमध्ये, बसमध्ये, समोरच्याच्या तोंडावर त्याचीच उणीदुणी काढायची, कुणाला कळतंय. चहा घे. नको? गरम पाणी हवं ना, माहितीय, या हॉस्टेलात येणाऱ्या झाडून सगळ्या चिनी आयांना गरम पाणीच लागतं, बाहेर घामाच्या धारा लागल्या तरी. आणि ते कानातलं बोंडूक काढत नाहीस ती – गाणी ऐकतेस का शेअर बाजार? ऐक बापडी. फोनही असू दे असाच टेबलावर.

तर बाई, तू आलीस कशाला? मुलगी आजारी पडली म्हणून? छे. मागे तिला ताप आला होता तेव्हा तुला कामं होती, औषधांचा खोका पाठवलास कुरियरने. आता काय झालं, तर व्हिडिओ कॉलवर लेक हाताने भात खाताना दिसली. वर बोटं चाटताना. झालं, आभाळ कोसळलं – मिळेल ते विमान पकडून चेंगडूहून हजर. इथे मुलांना चॉपस्टिक देत नाहीत, मुलं रानटी झाली, ही कसली मेट्रन ठेवलीय, म्हणजे मीच – मिस टॅननं मला सगळं मऊ करून सांगितलं, पण कळलं मला. आणि म्हणे लेकीला आज संध्याकाळच्या विमानाने घेऊनच जाणार.

अगं, चॉपस्टिकने वरणभात खाऊन दाखव तू मला. नऊ वर्षांची पोर, आली तेव्हा कँटीनमध्ये ताटापुढे मान खाली घालून बसायची, शिताला शिवायची नाही. मी माझा डबा उघडला – मऊ भात, गोडं वरण, वरून तूप – आणि घास केला, दिला तोंडात. नियमात बसत नाही. नाहीच बसत. पण दुसऱ्या दिवशी पोर आपणहून शेजारी येऊन बसली, आणि आता 'आणखी वाढ' म्हणते, मराठीत. माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडून हे दोन शब्द – जाऊ दे.

पण तुम्हा आयांची कमाल वाटते मला. इंग्लिश यावं म्हणून एवढीशी पोर परमुलखात ठेवायची, आणि कॉलवर विचारायचं काय, तर मार्क. मीच असते ना फोन धरून उभी, काय विचारलंस ते पोर सांगते मला नंतर. मार्क किती, पियानो झाला का. ती हो हो करते, आणि फोन ठेवला की माझ्या ओढणीत तोंड खुपसते. आमच्याकडे नाही असलं. माझी आर्या मी डोळ्यांसमोर वाढवली, एक दिवस कुठे ठेवली नाही. आता याच शहरात पाया लेबारला राहते, इथून क्लेमेंटीहून एकच एमआरटी, म्हणजे मेट्रो, मध्ये बदलायचीही नाही. बिझी असते. गणपतीला आली होती – नाही, या नाही, त्याच्या आदल्या. मी हौसेनं वाढलं, तर चमचा मागितला. 'मम्मा, सो मेसी लाह.' इथल्या पोरांचा तो लाह. मग मीही बोलले थोडं. थोडं म्हणजे – बोलले. ताट तसंच टाकून गेली. तेव्हापासून मी डबा दोघींचा आणते, माझा आणि शिन्यीचा. आमचे हे म्हणतात, नीता, परक्याच्या पोरीला इतकं लावून घेऊ नकोस, येतील एक दिवस आणि घेऊन जातील. म्हटलं, कोण येतंय? त्या बाईला वेळ कुठेय.

आणि आलीस तू. नको गं नेऊस तिला. तुला कळत नाही म्हणून बोलतेय, नाहीतर तुझ्यापुढे पदर पसरला असता होय मी? हवं तर रोज तुझ्या कॉलपुरत्या तिच्या हातात चॉपस्टिक देईन, मग जेवेल ती आमच्या पद्धतीने. तुला काय कळणार आहे तिकडे बसून –

काय? फोन मला कशाला दाखवतेस? थांब, चष्मा – हे मराठीय. हे तर – बोंडूक, शेअर बाजार, गणपती – मी बोललेलं सगळं आहे यात, आणि खाली चिनीत. म्हणजे कानातही हेच चाललं होतं? पहिल्यापासून? आणि तू – तुम्ही हसत काय होतात मग?

आता काय बोललात त्यात? वाचते, हलवू नका. 'मी विमानाने आले. तुम्ही एमआरटीने का नाही गेलात?'

बंद करा तो फोन. बंद करा म्हणते ना. मिस टॅन आल्या वाटतं, शिन्यीच्या चपला वाजतायत. उठा. तिच्यासमोर असं बघू नका माझ्याकडे. ही पिशवी घ्या, आजचा डबा आहे, विमानात बसायच्या आधी भरवा तिला. तूप वेगळं दिलंय, ते आयत्या वेळी वरून घालायचं. हात धुऊन घ्या. डब्यात चमचा नाहीये.