चार थरांचा बोर्ड अन् माही दीपमाला

आता तुम्हीच सांगा, नवरा हुरडा खायाले बोलावते अन् बायको म्हनते, "थरांमधलं अंतर बरोबर आलं तं येतो." हे काय उत्तर झालं?

तुम्हाले सांगतो, माही दीपमाला पुण्याले मशीनचे बोर्ड बनवते, म्हंजे मशीनच्या पोटात ते हिरवी पाटी असते ना, तिचं डिझाइन. अन् मी इथं अमडापूरले वांगे-टमाटे लावतो. पाटी दिसाले एकच, पन आत तांब्याचे चार थर, अन् दर दोन थरांच्या मधात एक शीट. "सिग्नलची रेघ अन् तिच्या खालचा तांब्याचा थर, यायच्यात ठरलेलंच अंतर पाह्यजे," हे मले रोज फोनवर. "अंतर बदललं की इम्पिडन्स, म्हंजे सिग्नलले वाटेत होनारा अडथळा, बदलते, सिग्नल अर्ध्यातून वापस येते." मी म्हनलं, समजलं, ठिबकच्या मोठ्या नळीले मधातच बारीक नळी जोडली तं पानी मांगं धक्का मारते, तसंच. केवढी खुश झाली बापा! मले वाटलं, आता निघते. तं म्हने, "बोर्ड पास झाला की येतो." आमच्याकडे बायाही 'येतो'च म्हनतात, पुण्यावाल्यायसारखे हसू नका... येत तं नाईच ना पन.

मंग बोर्ड तयार होऊन आला. तो होता तुरीच्या डाळीतले खडे हुडकनाऱ्या मशीनचा; तिच्या क्यामेऱ्याले लावला, तं पडद्यावर डाळ नाई, नुसत्या रेघाच. पाटी बनवनाऱ्या कारखान्याचा मानूस कसा बोलते पाहा, "मॅडम, बाहेरच्या थरांखालची पातळ शीट संपली होती, म्हणून तिथं जाड टाकली नि मधली शीट तेवढी पातळ घेऊन भरून काढलं. एकूण जाडी मोजा की, तंतोतंत आहे!" आता याले काय म्हनावं?

इकडं हुरडा भरला. ज्वारीचे दोन तास, म्हंजे दोन ओळी, मी तिच्यासाठी राखले. माय म्हने, "काऊन रे, कनसं कडक होऊन राह्यले, देऊन टाक शेजाऱ्याले." राहू दे म्हनलं, दीपमाला येऊन राह्यली. फोन केला. "बोर्ड पास झाला की येतो."

मले राग आला. म्हनलं, "अवं, आतलं कोनाले दिसते? एकून जाडी बरोबर हाये, देऊन टाक ना." मंग हळूच म्हने, "लोकाले आपला संसारही बरोबरच दिसते. आतलं कोनाले दिसते? मले नाई येत का तुमची आठवन?"

मले तिची लय आठवन येते हो. जेवतानी येते, ठिबकचा कॉक फिरवतानी येते, कारन नसतानी येते... हे सगळं सांगाचं सोडून मी म्हनलं, "बरं, बनवून घे पुन्हा."

ज्वारी ढोराले घातली. पुन्हा बोर्ड आला, या खेपेले शीट जिथल्या तिथं. पडद्यावर एकेक खडा साफ दिसला. फोनवर रडलीच ते. मीही इकडं डोळे पुसले, अन् इचारलं, "मंग येशीन कधी?"

म्हने, "साहेब लय खुश झाले. आता आठ थरांचा बोर्ड मलेच देला. तो पास झाला की येतो."

काय करता सांगा? तिच्यात एखादी खोट असती तं भांडलो असतो. पन खोट एकच हाये, काम चांगलं करते.