पेट्या परत

ईदच्या आदल्या दिवशी नायजेरियातल्या कानो शहरात मेंदीवालीकडे ही गर्दी! शाळकरी हिंदातूचे दोन्ही हात ओल्या मेंदीने भरलेले, आणि शेजारी तलातू मावशी नि त्यांची सून लादी मोबाइलवर प्रकरणाप्रकरणाने येणाऱ्या कादंबरीवरून हमरीतुमरीवर आलेल्या.

"नवऱ्यामुलाने कपड्यांच्या एवढ्या पेट्या पाठवल्या, तरी ही नायिका बिल्किसू म्हणते, आधी शिकणार!"

"बरोबरच आहे, आत्याबाई. निकाहाला मुलीचा होकार लागतोच की."

"म्हणून काय पेट्या परत करून लग्न मोडायचं? लिहिणारी नमाज तरी पढते का गं?"

"पाचही वेळा!" हिंदातूच्या तोंडून निसटलं.

"तुला काय माहीत?"

"म्हणजे... पढत असेल, मावशी."

"पढू दे. आज पेट्या परत गेल्या, तर माझं वाचणं बंद!"

नवं प्रकरण हिंदातूच्याच मोबाइलमध्ये लिहून तयार होतं, आणि त्यात पेट्या परत गेल्या होत्या. तिने कोपराने मोबाइल मावशींकडे सरकवला.

"मावशी, माझे हात भरलेत. तेवढं पाठवायचं बटण दाबता?"

मावशींनी दाबलं. लगेच त्यांचाच फोन किणकिणला. वाचता वाचता त्यांचे डोळे मोठे झाले.

"पोरी! पेट्या परत?"

"हो, मावशी."

"मग बसलीस काय अशी? हात धू आधी! पुढचं कोण लिहिणार?"