रानात मुक्काम

आमच्या सहलीचं काय झालं, ऐका. येडशीच्या जंगलात एक रात्र राहायचं ठरलं. नवा तंबूसुद्धा घेतला. म्या गावाकडं तेरला आप्पांना फोन लावला, "शनिवारी समदे रानात मुक्काम करायलोय. तुमीबी तयार ऱ्हावा."

आता आप्पांचं रान म्हंजे आपलं शेत! त्यांना न्यायला गेलो, तर बांधावरच्या लिंबाखाली सारवून ठेवलेलं. गावभर सांगितलेलं, "पोरगं रानात मुक्कामाला यायलंय."

बायको माझ्या कानात म्हणाली, "आता येडशीचं नाव काढलंत तर बघा."

लिंबाखालीच तंबू ठोकला. आप्पांनी त्याला एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "घर लई बारकं बांधलंस. पण माझी अंथरायची वाकळ मावंल."