इंग्रजीतला थकवा

अवं, इंग्रजीवर मले भारी भरोसा होता! आमच्या हिंगणघाटकडं कापूस वेचताना बायाइचा नियम हाये: जे आधी "थकली" म्हणन, तिनं सगळ्याइले चहा करून पाजायचा.

दिवाळीत पुण्याहून घरी आली अन् आईसंगं वावरात गेली. दुपारी कंबर मोडली, पण तो शब्द काढला नाई. म्हटलं, "आई, एक्झॉस्ट झाली." मंग, "ड्रेन झाली." शेवटी, "टोटल बर्नआउट!" बाया आपल्या कापूस वेचत रायल्या. म्हटलं, जिंकलो आपण.

संध्याकाळी आमच्यासंगं वेचणारी ताराकाकू म्हणे, "चाल, चहा मांड."

"काऊन? मी थकली म्हटलंच नाई!"

"मराठीत थकली असती तं नुसत्या चहावर सोडली असती. इंग्रजीत तीनदा थकली, आता भजेबी तळ."