बिनहिसक्याचा थांबा

मिस्त्रीण: अहो, थोरलीला जुळं झालं ते हे वर्ष. यंदा कुणाला आपल्या लग्नाची तारीख आठवणार? पोरगी बिचारी रात्रंदिवस दुपटी बदलतेय. नाही आला तिचा फोन, तर तोंड फुगवून बसायचं नसतं.

मिस्त्री: तोंड कुठे फुगवलंय? चाळीस वर्षं झाली, एवढंच म्हणालो.

मिस्त्रीण: चाळीस झाली म्हणून तर या आकाशपाळण्यात बसवलंत मला. सकाळपासून काय चाललंय, पाण्याची घसरगुंडी बघू, भुताचं घर बघू. भुताच्या घरात आपण गेलो असतो तर भुतंच पळाली असती.

मिस्त्री: खाली बघ तरी. किती वर आलो! तो बाक बघ, मघाशी डबा खाल्ला तो. काडेपेटीएवढा दिसतोय.

मिस्त्रीण: दिसतोय. थांबला का हो पाळणा?

मिस्त्री: थांबला वाटतं. नेमका टोकावर. काहीतरी बिघाड असेल. मोटर तापली असेल.

मिस्त्रीण: माझ्याकडे बघून बोला.

मिस्त्री: अगं, बघतोच आहे की.

मिस्त्रीण: चाळीस वर्षं जेवताना भाजीपेक्षा लिफ्टचे ब्रेक जास्त ऐकलेत मी. बिघाडानं थांबलं की हिसका बसतो, हे मला कुणी सांगितलं? हा तर लोण्यासारखा थांबला. कुणीतरी हातानं, बेतानं थांबवलाय. आणि बाकीचे पाळणे रिकामे कसे? खाली एवढी रांग होती, त्या माणसानं आपल्या दोघांनाच चढवलं. वर मला वहिनी म्हणाला.

मिस्त्री: माझ्या हाताखाली शिकलाय तो. आता इथे फोरमन आहे.

मिस्त्रीण: म्हणजे कोंडलंत मला.

मिस्त्री: सोमवारी तुला दाखल व्हायचंय ऑपरेशनला. तू हो म्हण. मी रुमाल दाखवतो, तो पाळणा खाली घेतो. एका शब्दाचं काम.

मिस्त्रीण: आणि नाही म्हटलं तर?

मिस्त्री: तर बसू इथेच. घरी विषय काढला की तू स्वयंपाकघरात जातेस. स्वयंपाकघरात आलो की शिवणाचं मशीन सुरू करतेस. इथे कुठे जाशील?

मिस्त्रीण: वा! लग्नाच्या वाढदिवसाला लोक फुलं आणतात.

मिस्त्री: चेष्टा नको. तू गिऱ्हाइकांची कापडं परत करतेयस. मला कळत नाही वाटतं? समोरच्या मास्तरीणबाईंचं कापड घडीसुद्धा न मोडता परत दिलंस. जे पुरं होणार नाही त्याला कात्री लावायची नाही, हा तुझा पहिल्यापासूनचा नियम. मग मी काय समजायचं?

मिस्त्रीण: समजायचं ते समजलात की.

मिस्त्री: हृदयाची झडप बदलली तर दहा वर्षं मिळतील. डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रीण: त्याच्या पुढचंही म्हणाले. माझ्यासारखी दोन माणसं घेतली तर त्यातलं एकच टेबलावरून उठतं. तेवढ्यापुरते तुमचे कान बंद झाले.

मिस्त्री: आणि नाही बदलली तर वर्षसुद्धा निघणार नाही! ते ऐकलंस ना?

मिस्त्रीण: ऐकलं.

मिस्त्री: मग? एवढी घाई झालीय मला सोडून जायची?

मिस्त्रीण: माझी ताई आठवा. हीच झडप. एक्केचाळीस दिवस नळ्यांत होती. मी काचेबाहेर बाकावर बसलेली. तिचे डोळे उघडे असायचे हो. माझ्याकडे बघायची आणि बोटानं दाराकडे दाखवायची. घरी ने. रोज दाखवायची. डॉक्टर म्हणायचे आज नको, उद्या बघू. भावोजी म्हणायचे उद्या. मीही म्हणायचे उद्या. उद्या उद्या करत ती तिथेच गेली. मला माझ्या खोलीत राहायचंय.

मिस्त्री: आणि मी? मी काय करू ते सांग. मला घरात मिठाची बरणी कुठे असते तेसुद्धा माहीत नाही.

मिस्त्रीण: वरच्या फळीवर, डाव्या हाताला.

मिस्त्री: अगं, पाया पडतो तुझ्या. हे बघ, टेकले गुडघे. या डब्यात कुणी बघायलाही नाही. हो म्हण. खोटं म्हण, पण म्हण.

मिस्त्रीण: उठा आधी. गुडघा धरला की मलाच उठवावं लागतं तुम्हाला. अहो...

मिस्त्री: काय?

मिस्त्रीण: इथे वारा कुठून येतो?

मिस्त्री: वरच्या जाळीतून. का गं?

मिस्त्रीण: येत नाहीये. छातीत आवळतंय. पर्स द्या. गोळी.

मिस्त्री: पर्स खाली आहे.

मिस्त्रीण: तुम्हीच ठेवायला लावलीत.

मिस्त्री: त्यात फोन होता तुझा. वाटलं, तू थोरलीला लावशील आणि ती ओरडेल मला. माझाही खालीच ठेवला, तुला संशय नको म्हणून. थांब, घाबरू नकोस. हा रुमाल. हा बघ, काचेला लावला. आता घेईल तो खाली. घेईल हं. अरे, बघ की वर!

मिस्त्रीण: बघतोय का?

मिस्त्री: इकडेच बघतोय. कपाळावर हात धरून बघतोय. मग सुरू का करत नाही? अरे गाढवा!

मिस्त्रीण: काच... बाहेरून काळी आहे. चढताना तिच्यात बघून मी केस नीट केले.

मिस्त्री: पूर्वी उघडे पाळणे होते गं इथे. नुसता आडवा दांडा असायचा. मी तेच डोक्यात धरून आलो. अख्ख्या जन्मात दोर तपासल्याशिवाय कुठल्या डब्यात पाय ठेवला नाही, आणि आज काच नाही बघितली!

मिस्त्रीण: करेल तो... आपणहून.

मिस्त्री: नाही करणार. मीच शिकवलंय त्याला. लिफ्टच्या खड्ड्यात आपला माणूस उतरला की त्याची खूण आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. मालक ओरडो, आभाळ कोसळो. खुणेशिवाय सुरू केलं की आतला माणूस चिरडतो. आणि वर सकाळी बजावून सांगितलं, अर्धा तास लागला तरी हलवू नकोस. तो नाही हलवायचा. दार! दार उघडतो मी.

मिस्त्रीण: उघडून कुठे जाणार?

मिस्त्री: तुला वारा तरी लागेल! कडी कुठे आहे? आतून कडीच नाही. अगं, ओठ निळे पडले तुझे. ए! अरे ए, खाली घे! खाली घे म्हणतो ना!

मिस्त्रीण: ताई अशीच... काचेमागे. मला दिसायची. ऐकू यायची नाही.

मिस्त्री: बोलू नकोस. नको, बोल! बोलत राहा. मी काय करू सांग. मला काही सुचत नाही गं.

मिस्त्रीण: ठोका.

मिस्त्री: काय?

मिस्त्रीण: फोन नव्हते तेव्हा... लिफ्टच्या रुळावर ठोकायचात ना तुम्ही? सांगायचात जेवताना. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे वर...

मिस्त्री: तीन म्हणजे खाली. तीन! कशानं ठोकू? पाण्याची बाटली, स्टीलची. या कोपऱ्यातल्या खांबाला. एक, दोन, तीन. ऐक रे लेका. एक, दोन, तीन. लोखंडातून जातो आवाज, लांबवर जातो. एक, दोन, तीन. त्यानं मान वळवली. खालच्या खांबाला हात लावला. अगं, हात लावला त्यानं! एक, दोन, तीन!

मिस्त्रीण: हलला.

मिस्त्री: हलला. डोकं टेक माझ्या खांद्यावर. झालं, आलंच. झाडं आली बघ. रांगेतल्या माणसांची तोंडं दिसायला लागली. डोळे मिटू नकोस. आलंच.

फोरमन: उस्ताद! काय झालं? वहिनींना काय झालं?

मिस्त्री: पर्स दे हिची, आधी पर्स! पुढच्या कप्प्यात. हं, धर गं, जिभेखाली ठेव. आ कर. हं.

फोरमन: मी रुमालाची वाट बघत होतो, उस्ताद. रांगेतली माणसं अंगावर आली, वरचे साहेब येऊन शिव्या देऊन गेले, तरी हललो नाही. तुम्ही सांगितलं होतंत.

मिस्त्री: तू बरोबर केलंस. चूक माझी.

फोरमन: मी गाडी सांगतो. हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे.

मिस्त्री: थांब. हिला विचार.

फोरमन: विचारायचं काय त्यात? तोंडाचा रंग बघा त्यांच्या!

मिस्त्री: हिला विचार म्हणतोय ना.

मिस्त्रीण: घरी.

मिस्त्री: ऐकलंस? घरी जायचंय आम्हाला. टॅक्सी बोलाव.

मिस्त्रीण: नक्की ना हो? का सोमवारी उठून पुन्हा तेच?

मिस्त्री: सोमवारी तुझ्या मशीनला तेल घालणार आहे. कधीपासून कडकडतंय.

मिस्त्रीण: बेतानं घाला. मागच्या वेळी मास्तरीणबाईंच्या कापडावर सांडलंत.

(पाच महिन्यांनंतर. फोनवर.)

फोरमन: उस्ताद! किती दिवसांनी! मला वाटलं, रागावलात माझ्यावर. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

मिस्त्री: तुझ्यावर कशाला रागावू? बाकी सगळ्यांना थोरलीनं कळवलं. तुला मीच कळवतो म्हटलं.

फोरमन: काय कळवायचंय, उस्ताद?

मिस्त्री: गुरुवारी रात्रीपासून धाप लागली होती. थोरली भांडली माझ्याशी. म्हणाली, बाबा, तुम्ही मारताय आईला, अजून वेळ आहे, नेऊ या. मी हिच्याजवळ गेलो आणि विचारलं, नेऊ का? हिनं मानेनंच नाही म्हटलं. मग पुन्हा नाही विचारलं.

फोरमन: तुमच्यानं राहवलं कसं?

मिस्त्री: नाही राहवलं. पहाटे एकदा टॅक्सीवाल्याला फोन लावला होता मी. तो खाली येऊन उभा राहिला. मी जिना उतरून गेलो, त्याला जा म्हटलं आणि पुन्हा वर आलो.

फोरमन: उस्ताद, वहिनी...

मिस्त्री: गेली ती. परवा, शुक्रवारी, दुपारी सव्वाचारला. घरीच.