जाळी नसलेला पंखा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठ भूषवणारे पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते मैदानप्रमुख, म्हणजे सर्वांचे थांबाकाका, आणि मॉडेल विमान मंडळाच्या समस्त वैमानिकांनो, ज्यांची विमानं पलंगाएवढी असली तरी उड्डाणाची परवानगी घरूनच घ्यावी लागते,

आरंभी एक गंभीर तक्रार. व्यासपीठावरचा हा टेबलफॅन अध्यक्षांपासून सचिवांपर्यंत मान फिरवतो आणि वक्त्यापाशी येण्याआधीच माघारी वळतो. समितीने याची दखल घ्यावी. निदान एवढ्याची तरी.

मी विमान उडवत नाही. पत्नी उडवते, मी पेट्या उचलतो. त्यामुळे दर रविवारी मैदानाच्या कडेला बसून मी काकांचा एकच शब्द ऐकत आलो: "थांबा." कुणी इंजिन सुरू करायला वाकलं, की हा शब्द यायचाच. समोरची आणि बाजूची माणसं विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या मागे येईपर्यंत, विमानाची शेपटी कुणीतरी घट्ट धरेपर्यंत, "लावा" हा दुसरा शब्द निघत नसे. "काका, स्वतःच्या लग्नातही थांबाच म्हणालात का?" असं विचारणारे महाभाग इथेच बसलेत. काका म्हणाले होते, "म्हणालो होतो. कुणी ऐकलं नाही."

गेल्या महिन्यात सचिव चालू इंजिनाचा स्क्रू पिळायला समोरून वाकले. काका ओरडले, "थांबा, मागून या." सचिव म्हणाले, "काका, खेळण्याला किती घाबरायचं?"

खेळण्याने दोन बोटं नेली. माझ्या पत्नीने ती गवतातून शोधून रुमालात गुंडाळली. एकच जोडता आलं.

यावर समितीच्या अहवालात काय आलं? "किरकोळ दुखापत." मी जन्मभर संस्कृत व्याकरण शिकवलं, पण हे विशेषण कुणाला लावलंय ते मला उमगलं नाही. पुढे लिहिलंय, सततच्या सूचनांनी सभासदांचं लक्ष विचलित होतं, सबब मैदानप्रमुखाचं पद रद्द. आणि निमंत्रणपत्रिकेवर छापलंय "स्वेच्छानिवृत्ती". त्यातला "स्व" समितीचा आहे, हे सांगायला वैयाकरण लागत नाही.

वर स्मृतिचिन्ह म्हणून चौकटीतला विमानाचा पंखा. ज्याने तुम्हाला पंख्यापासून लांब ठेवलं, त्याला पंखाच दिलात. तो मात्र काचेआड ठेवायची बुद्धी झाली.

मघाशी मी या टेबलफॅनला नावं ठेवली. पण त्याला जाळी आहे. नुसता वारा घालणाऱ्या पंख्याला आपण जाळी लावतो. विमानाच्या पंख्याला ती लावता येत नाही, म्हणून तिथे एक माणूस उभा होता. तो आज आपण टाळ्या वाजवून उतरवला. सचिवसाहेब, टाळ्या वाजवताना तुमची होणारी अडचण मी पाहिली. माझा राग तुमच्यावर नाही. "किरकोळ" लिहिणाऱ्या हातांवर आहे. त्या हातांची दहाही बोटं शाबूत आहेत.

बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन तर ते पोटात घालून मला क्षमा करा.

काका, शेवटचं तुमच्यापाशी. येत्या रविवारी आमची ही नवं, मोठं इंजिन लावणार आहे. शेपटी मी धरीन. तिचा हात पुढे जाईल, तेव्हा कुणीतरी "थांबा" म्हणायला हवं. हे सगळे हसतील म्हणून मी गप्प बसेन, याची मला भीती वाटते.